पन्नास लाख सभासदांचा जाब

२३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटनच्या न्यायालयात, सहा जणांच्या ज्यूरीने ज्या दाव्याचा निकाल दिला, त्यातील मुख्य प्रतिवादी ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ ही अमेरिकेतील बंदूकधारकांची सर्वांत मोठी आणि सर्वांत प्रबळ संस्था होती. आणि तरीही त्या दाव्यात बंदुकीचा प्रश्न कोठेही नव्हता. नागरिकाने शस्त्र बाळगावे की न बाळगावे, शाळांतून आणि बाजारपेठांतून होणाऱ्या गोळीबारांना कोणता कायदा आवर घालू शकेल, यांपैकी कशावरही ज्यूरीचे मत कोणी मागितले नव्हते. तिच्यापुढे ठेवलेला प्रश्न निव्वळ हिशेबाचा होता. लक्षावधी सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या या संस्थेच्या प्रमुख कारभाऱ्याने तो पैसा सभासदांच्या कार्यासाठी वेचला की स्वतःच्या सुखसोयींसाठी, हे तिला ठरवावयाचे होते. सुमारे सहा आठवडे साक्षीपुरावा ऐकून ज्यूरीने निर्णय दिला की, तीस वर्षांहून अधिक काळ संस्थेची सूत्रे सांभाळणारे वेन लापिएर यांनी आपल्या कर्तव्याचा भंग करून संस्थेचे ५४ लाख डॉलरांचे नुकसान केले. त्यातील दहा लाखांच्या आसपास रक्कम त्यांनी आधीच भरली होती, तेव्हा उरलेले ४३ लाख ५० हजार डॉलर त्यांनी परत करावेत आणि संस्थेचे माजी खजिनदार विल्सन फिलिप्स यांनी २० लाख डॉलर परत करावेत, असे ठरले.

बंदुकीविषयी माझे मत या संस्थेच्या मताच्या अगदी उलट आहे, हे प्रथमच सांगून टाकणे इष्ट. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बाळगण्यासाठी सरकारी परवाना लागतो. अमेरिकेत १७९१ मध्ये राज्यघटनेला जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तीच्या आधारे तो नागरिकाचा हक्क मानला जातो, आणि त्या हक्काच्या मर्यादा कोणत्या यावर तेथील समाज दोन पिढ्या भांडत आहे. त्या भांडणात माझी सहानुभूती निर्बंध मागणाऱ्या पक्षाकडे आहे. परंतु वर्षाला चाळीस-पंचेचाळीस डॉलर वर्गणी भरणारा, शिकारीचा हंगाम सांभाळणारा, आपला हक्क राखण्यासाठी कोणीतरी राजधानीत उभे राहावे एवढीच अपेक्षा बाळगणारा टेनेसीचा किंवा कॅन्ससचा सामान्य सभासद जेव्हा स्वतःच्याच नेत्याकडून लुबाडला जातो, तेव्हा त्याच्या श्रद्धेशी माझे पटत नाही म्हणून त्याच्यावरील अन्याय लहान ठरत नाही. शिवाय सभासद आणि कारभारी यांच्यातील जे नाते येथे बिघडले, ते कोणत्याही ध्येयाच्या संस्थेत बिघडू शकते. म्हणूनच ही हकीकत मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडावीशी वाटली.

संस्था जुनी आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट यांनी, आपल्या सैनिकांच्या नेमबाजीची दुरवस्था पाहून, १७ नोव्हेंबर १८७१ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या सनदेने तिची स्थापना केली. प्रारंभीची कित्येक दशके नेमबाजीचे शिक्षण, स्पर्धा आणि शिकाऱ्यांची सुरक्षितता हेच तिचे कार्य राहिले. पुढे तिची कचेरी वॉशिंग्टनला आणि तेथून व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स येथे गेली, तिचे राजकीय सामर्थ्य देशभर पसरले. पण सनद मात्र न्यूयॉर्कचीच राहिली. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या सनदेमुळेच तिच्या कारभाराची चौकशी करण्याचा अधिकार न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्याकडे, म्हणजे तेथील अॅटर्नी जनरलकडे, राहिला.

सभासदांनी आपल्या नेत्यांना जाब विचारला आणि तो वसूलही केला, असा एक विलक्षण प्रसंग या संस्थेच्या इतिहासात घडून गेला आहे. १९६८ मध्ये बंदुकांवर निर्बंध घालणारा मोठा कायदा झाला. तेव्हापासून संस्थेत दोन पक्ष पडत चालले होते. एका पक्षाला वाटे की संस्थेने राजकारणाचा नाद सोडून क्रीडा, निसर्गसंरक्षण आणि शिकार यांकडे वळावे, तर दुसरा पक्ष बंदुकीच्या हक्कासाठी उघड लढा मागत होता. पहिला पक्ष सत्तेवर होता. त्याने मुख्य कचेरी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे हलविण्याची योजना आखली आणि १९७६ च्या नोव्हेंबरात अनेक कर्मचाऱ्यांना एकदम घरी पाठविले; संस्थेची राजकीय शाखा चालविणारे हार्लन कार्टर हेही बाहेर पडले. हे सारे सभासदांना न विचारता झाले. तेव्हा बंदूकविषयक नियतकालिकांचे संपादक नील नॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनी एक काम केले, जे असंतुष्ट सभासद क्वचितच करतात: त्यांनी संस्थेची नियमावली मुळापासून वाचून काढली. तीत त्यांना आढळले की वार्षिक सभेस हजर असलेले सभासद सभागृहातूनच नियम बदलू शकतात.

मे १९७७ मध्ये सिनसिनाटी येथे वार्षिक सभा भरली. शिकारी घालतात तशा भडक नारिंगी टोप्या घातलेले विरोधक सभागृहात पसरून बसले. वॉकीटॉकीवरून एकमेकांना सूचना देत, एकामागून एक उपसूचना मांडत, ध्वनिक्षेपकापुढे रांगा लावून त्यांनी संध्याकाळी सुरू झालेली सभा पहाटेपर्यंत चालविली. पहाट होईतो तत्कालीन कार्यकारी उपाध्यक्ष मॅक्सवेल रिच पदावरून गेले होते, कोलोरॅडोची योजना रद्द झाली होती आणि कार्टर कारभारी झाले होते. या संस्थेत अध्यक्षपद बहुधा मानाचे असते, खरी सत्ता कार्यकारी उपाध्यक्षाच्या हाती असते. आणि त्या रात्री मंजूर झालेल्या नियमांनुसार हा कार्यकारी उपाध्यक्ष यापुढे वार्षिक सभेत सभासदांनीच निवडावा असे ठरले. संस्था त्यानंतर ज्या दिशेने गेली ती मला अमान्य आहे. अमेरिकन राजकारणावर त्या रात्रीचे जे परिणाम झाले, त्यांतील पुष्कळसे दुःखदायक आहेत, असेच मी म्हणेन. तथापि सनदशीर मार्गाने, नियमाच्या बळावर, सामान्य वर्गणीदारांनी एका बलाढ्य संस्थेचा कारभार एका रात्रीत फिरविल्याचे इतके ठसठशीत उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९८१ मध्ये वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले की हार्लन कार्टर यांना तरुणपणी, १९३१ साली, एका पंधरा वर्षांच्या मुलाला गोळी घालून ठार केल्याबद्दल दोषी ठरविले गेले होते. ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून अपिलात तो निर्णय रद्द झाला होता. ही माहिती कार्टर यांनी सभासदांपासून दडविली होती. ती बाहेर आल्यावरही त्याच वर्षी सभासदांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. सिनसिनाटीत जागरूकपणे उभे राहिलेले सभासद चारच वर्षांत नेत्याच्या बाबतीत इतके क्षमाशील व्हावेत, याचे कारण त्यांना वाटणाऱ्या भीतीत सापडते. बाहेरचे जग आपल्या हक्कावर टपून बसले आहे अशी ज्यांची खात्री झाली आहे, ते आपल्या सेनापतीची उलटतपासणी करावयास धजत नाहीत. वृत्तपत्रांनी उकरून काढलेली गोष्ट म्हणजे शत्रूची चाल, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा सभासद म्हणजे शत्रूला फितूर झालेला, अशी भाषा एकदा रूढ झाली की हिशेब मागणे हेच द्रोहाचे लक्षण ठरू लागते. पुढच्या चाळीस वर्षांच्या कारभाराचा पाया येथे घातला गेला, असे माझे मत आहे.

सभासदांना मिळालेला थेट निवडीचा हक्क फार काळ टिकला नाही. कार्यकारी उपाध्यक्षाची निवड पुन्हा संचालक मंडळाकडे गेली आणि सभागृहातून नियम बदलण्याची वाटही क्रमाने अरुंद होत गेली. आज मंडळात ७६ संचालक असतात. त्यांपैकी ७५ जण टपालाने होणाऱ्या मतदानातून येतात. दरवर्षी एक तृतीयांश जागा रिकाम्या होतात आणि मतदानाचा हक्क आजीव सभासदांना किंवा सलग पाच वर्षे वर्गणी भरलेल्यांनाच असतो. मतपत्रिका संस्थेच्या मासिकात छापून येते. उमेदवारांची शिफारस नामनिर्देशन समिती करते. तिच्या शिफारशीवाचून उभे राहावयाचे तर सभासदांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, आणि २०१७ च्या नियमबदलाने त्या सह्यांची संख्या वाढविण्यात आली. पात्र सभासदांपैकी दहा टक्केही मतपत्रिका परत पाठवीत नाहीत, असा वर्षानुवर्षांचा अनुभव. मंडळ इतके मोठे की खोलात जाऊन विचारविनिमय अशक्य. शिवाय त्यात चित्रपटनट, खेळाडू, राजकारणी अशी नाममात्र मंडळी पुष्कळ. यांतील एकेक नियम स्वतंत्रपणे पाहिला तर त्यात आक्षेपार्ह असे फारसे दिसत नाही, पण सर्व एकत्र पाहिले म्हणजे ध्यानात येते की कारभाऱ्याची निवड करणारे मंडळ हे बव्हंशी कारभाऱ्याच्या मर्जीतील समितीनेच निवडलेले असते. रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ मध्ये जर्मनीतील समाजवादी पक्षाचा अभ्यास करून सांगितले होते की, लोकशाहीचा उद्घोष करणाऱ्या संघटनाही कालांतराने मूठभरांच्या हाती जातात. हा सिद्धान्त मी अटळ मानीत नाही. पण तो खोटा ठरवायचा तर नियमांवर पहारा ठेवणारे सभासद हवेत.

लापिएर १९९१ मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष झाले. १९९७ मध्ये नील नॉक्स यांनी त्यांच्या कारभाराविरुद्ध मंडळात आघाडी उभारली. तेव्हा लापिएर यांच्या बाजूने चार्ल्टन हेस्टन हा विख्यात चित्रपटनट उतरला आणि उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीत नॉक्स अगदी थोड्या मतांनी हरले. त्यानंतर दोन दशके अंतर्गत विरोध जवळजवळ संपला. संस्थेचा प्रचार, जाहिराती, पुढे तर स्वतंत्र चित्रवाणी वाहिनी, हे सारे ओक्लाहोमा सिटीतील ‘अॅकरमन मॅक्वीन’ या जाहिरात कंपनीकडे होते, आणि वर्षाला कोट्यवधी डॉलरांची बिले तिच्याकडे जात. या बिलांत कशाचा काय खर्च याचा तपशील नसे. आणि नेमक्या याच बिनतपशिलाच्या बिलांतून कारभाऱ्याचे खाजगी खर्चही वाट काढीत. कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथील एका उंची दुकानातून लापिएर यांच्यासाठी घेतलेल्या सुमारे पावणेतीन लाख डॉलरांच्या कपड्यांचे पैसे प्रथम जाहिरात कंपनीने भरले आणि मग संस्थेकडून वसूल केले, असे कागदपत्रांतून बाहेर आले. २०१८ मध्ये पार्कलंड येथील शाळेतील हत्याकांडानंतर, लापिएर यांच्या जिवास धोका आहे या सबबीवर, टेक्सासमध्ये साठ लाख डॉलरांचा एक वाडा खरेदी करण्याची बोलणी झाली. ती तडीस गेली नाहीत, आणि कल्पना कोणाची याबद्दल संस्था व कंपनी यांनी पुढे एकमेकांकडे बोट दाखविले. भाड्याची खाजगी विमाने, संस्थेशी व्यवहार असलेल्या एका मक्तेदाराच्या आलिशान नौकेवर कुटुंबीयांसह घेतलेला विसावा, या गोष्टी लापिएर यांनी शपथेवर कबूल केल्या. त्यांची कैफियत अशी होती की, धमक्यांमुळे सामान्य विमानातून प्रवास करणे शक्य नव्हते आणि नौका म्हणजे सुरक्षित आश्रय होता. धमक्या खऱ्या असतील. मी त्या नाकारीत नाही. पण सुरक्षिततेचा खर्च मंडळापुढे उघड मांडून मंजूर करून घेता येतो. जो खर्च तिऱ्हाइताच्या बिलात दडवावा लागतो, त्याचे समर्थन सुरक्षिततेच्या नावाने होऊ शकत नाही.

संस्थेच्या आत हे कोणालाच दिसत नव्हते असे नाही. जुलै २०१८ मध्ये संस्थेच्या हिशेबखात्यातील काही नोकरांनी आपल्या शंकांचे टिपण हिशेबतपासणी समितीपुढे ठेवले होते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो या नोकरांविषयी. कारण ज्यांची रोजीरोटी त्या कारभाऱ्याच्या हाती होती, त्यांनी जे विचारले, ते विचारण्याचे धैर्य सहा डझन प्रतिष्ठित संचालकांना झाले नव्हते. पुढे एप्रिल २०१९ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ने या कारभाराचा सविस्तर वृत्तांत छापला आणि त्याच महिन्यात इंडियानापोलिस येथे वार्षिक सभा भरली. तत्कालीन अध्यक्ष ऑलिव्हर नॉर्थ यांनी लापिएर यांना पायउतार होण्यास सुचविले. लापिएर यांनी ती धमकी आहे असे जाहीर करून मंडळाला आपल्या पाठीशी उभे केले. आणि सभेच्या दिवशी नॉर्थ यांचे, आपल्याला पुन्हा अध्यक्षपद मिळणार नाही असे सांगणारे पत्र वाचून दाखविण्यात आले. सभागृहातून एका सभासदाने लापिएर यांच्या राजीनाम्याचा ठराव मांडला. सिनसिनाटीत असाच ठराव सभागृहाने निकालात काढला होता. इंडियानापोलिस येथे तो मंडळाकडे विचारार्थ पाठविण्यात आला, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध फिर्याद होती त्यांच्याच दप्तरात दाखल झाला. त्या उन्हाळ्यात ज्या तीन संचालकांनी खर्चाचे तपशील मागितले, त्यांना समित्यांवरून वगळण्यात आले आणि त्यांनी राजीनामे दिले. २०२२ मध्ये लापिएर यांच्याविरुद्ध उमेदवार उभा राहिला, तेव्हा मंडळातील मतदान ५४ विरुद्ध १ असे झाले.

अशा वेळी सभासदाने काय करावे? तो संस्था सोडून जाऊ शकतो, आणि लक्षावधी लोकांनी तेच केले. पन्नास लाखांच्या पलीकडे असल्याचे संस्था सांगत असे तो आकडा पुढे सुमारे ४२ लाखांवर आला. कोणी ‘गन ओनर्स ऑफ अमेरिका’कडे गेले, कोणी ‘सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन’कडे. पण जो निघून जातो त्याला मतही उरत नाही, आणि मागे राहणारे मंडळ अधिकच एकमुखी होते. मग त्याने न्यायालयात जावे काय? येथे कायद्याचे एक कलम आडवे येते, आणि वाचकांनी थोडे थांबून ते समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे. न्यूयॉर्कच्या विनानफा संस्थांच्या कायद्यानुसार, संस्थेच्या वतीने तिच्याच पदाधिकाऱ्यांवर दावा लावावयाचा तर सभासदांच्या एखाद्या वर्गातील किमान पाच टक्के सभासदांनी एकत्र यावे लागते. दोनशे सभासदांच्या गावच्या मंडळात पाच टक्के म्हणजे दहा माणसे, ती एका संध्याकाळी जमतात. पन्नास लाखांच्या संस्थेत पाच टक्के म्हणजे अडीच लाख. आणि त्या अडीच लाखांचे पत्ते ज्या वहीत आहेत ती वही प्रतिवादीच्या कपाटात. संस्था जितकी मोठी, तितका तिचा सभासद न्यायालयाच्या दृष्टीने दुबळा, अशी ही उलटी व्यवस्था आहे. आपल्या महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ५० खाली, धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती मिळवून, न्यासात हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तीही दावा लावू शकतात. आपल्या कायद्याची अंमलबजावणी सुस्त आहे, संमती मिळण्यास वर्षे लागतात, हे खरे. पण दाराची उंची माणसाच्या मापाची आहे. न्यूयॉर्कात ती नाही, आणि म्हणून मोठ्या संस्थेच्या सभासदाला प्रत्यक्षात एकच आसरा उरतो: राज्याचा महाधिवक्ता.

आणि येथेच या प्रकरणातील खरी अडचण उभी राहते. ६ ऑगस्ट २०२० रोजी संस्थेवर फिर्याद दाखल करणाऱ्या महाधिवक्ता लेटिशिया जेम्स या निवडून आलेल्या राजकारणी होत्या, बंदुकांवर निर्बंध मागणाऱ्या पक्षाच्या होत्या, आणि निवडणुकीच्या प्रचारात त्यांनी या संस्थेला दहशतवादी म्हणून संबोधले होते. तीन वर्षांत सहा कोटी चाळीस लाख डॉलरांची हानी झाल्याचा आरोप करून त्यांनी संस्थाच विसर्जित करण्याची मागणी केली. लापिएर यांना याहून उपयुक्त ढाल मिळणे कठीण होते. ज्या शत्रूच्या भीतीवर ते वर्षानुवर्षे वर्गणी गोळा करीत आले, तो शत्रू आता खरोखरच दारात उभा होता, आणि हिशेब मागणाऱ्या प्रत्येक सभासदास त्या शत्रूचा हस्तक म्हणणे सोपे झाले होते. विसर्जनाची मागणी अन्यायाचीही होती. कारण चोरीचा माल धन्याला मिळवून देण्याऐवजी धन्याचे घरच पाडून टाकावे, असा तिचा अर्थ होता. मार्च २०२२ मध्ये न्यायमूर्ती जोएल कोहेन यांनी नेमक्या याच विचाराने विसर्जनाची मागणी फेटाळली: आरोप खरे मानले तरी हानी संस्थेची आणि तिच्या सभासदांची झाली आहे, तेव्हा उपायही त्यांच्या हिताचा हवा, संस्था संपविल्याने त्यांच्याच भाषणस्वातंत्र्यास धक्का पोहोचेल, असा त्यांचा अभिप्राय होता. हिशेबाची फिर्याद मात्र त्यांनी चालू ठेवली. त्यानंतर ३० मे २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात, न्यूयॉर्कच्या एका अधिकाऱ्याने विमा कंपन्यांवर दडपण आणून या संस्थेचा आवाज दाबू पाहिला ही तक्रार दखलपात्र आहे, असे एकमताने ठरविले; संस्थेची बाजू तेथे नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या, एरवी तिच्याशी न पटणाऱ्या वकिलांनी मांडली होती. हे दोन्ही निर्णय मला एकमेकांस पूरक वाटतात. संस्थेने काय बोलावे यात राज्याने हात घालू नये. तिच्या तिजोरीतील पैसा कोठे गेला, हे विचारण्यास मात्र राज्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

या दोन्ही निर्णयांच्या आधी एक प्रसंग टेक्सासमध्ये घडला, जो सभासदांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. १५ जानेवारी २०२१ रोजी संस्थेने डॅलस येथील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, आणि त्याच वेळी आपली आर्थिक स्थिती उत्तम असल्याचेही जाहीर केले. न्यूयॉर्कच्या कक्षेतून निसटून टेक्सासची नवी सनद मिळविणे हा हेतू होता. हा निर्णय लापिएर यांनी मंडळाला न कळविता घेतला होता. आठच दिवसांपूर्वी मंडळाने त्यांच्या नोकरीच्या नव्या कराराला मंजुरी दिली होती. त्या करारात संस्थेची ‘पुनर्रचना’ करण्याचा अधिकार देणारे एक वाक्य होते, आणि त्या वाक्याचा आधार घेऊन दीडशे वर्षांची संस्था दिवाळखोरीत नेण्यात आली. कॅन्सस राज्यातील न्यायाधीश आणि संस्थेचे संचालक फिलिप जर्नी यांनी तेव्हा मंडळाशी फारकत घेऊन न्यायालयास विनंती केली की, कारभाराची स्वतंत्र तपासणी व्हावी. ११ मे २०२१ रोजी न्यायाधीश हार्लिन हेल यांनी अर्ज सद्धेतूने केलेला नाही असे ठरवून तो फेटाळला, आणि इतका मोठा निर्णय मंडळापासून व खुद्द संस्थेच्या प्रमुख विधी अधिकाऱ्यापासून लपविला गेला याबद्दल तीव्र शब्दांत नापसंती व्यक्त केली. या साऱ्या लढ्यांत वकिलांच्या फीपोटी जे कोट्यवधी डॉलर गेले, तेही सभासदांचेच.

खटला उभा राहण्याच्या तीन दिवस आधी, ५ जानेवारी २०२४ रोजी, प्रकृतीचे कारण देऊन लापिएर यांनी राजीनामा जाहीर केला. ज्यूरीने त्यांच्याबरोबरच संस्थेलाही दोषी धरले: तिने आपल्या मालमत्तेची योग्य व्यवस्था ठेवली नाही, आणि गैरकारभार उघड करणाऱ्यांना संरक्षण देण्याचा कायदा मोडला. जुलैमध्ये न्यायमूर्ती कोहेन यांनी लापिएर यांना संस्थेत दहा वर्षे पगारी पद घेण्यास मनाई केली. पण सरकारी देखरेखाधिकारी नेमण्याची मागणी नाकारली, आणि हिशेबतपासणी समितीची रचना, मंडळाचा आकार, नामनिर्देशन समितीबाहेरील उमेदवारांची सोय यांबाबत सुधारणा सुचविल्या. राज्याने चोराला दारापर्यंत पोहोचविले आणि घर धन्याच्या स्वाधीन केले, हे मला या निकालातील शहाणपण वाटते. मात्र असा निवाडा करणारे न्यायमूर्ती प्रत्येक वेळी मिळतीलच, यावर कोणत्याही सभासदाने विसंबू नये.

त्याच वर्षी झालेल्या मंडळाच्या निवडणुकीत, सुधारणेचे नाव घेऊन एकत्र उभे राहिलेले चार उमेदवार निवडून आले. त्यांत दिवाळखोरीच्या अर्जास विरोध करणारे फिलिप जर्नी होते, आणि सिनसिनाटीची रात्र घडविणाऱ्या नील नॉक्स यांचे चिरंजीव जेफ नॉक्सही होते. मे महिन्यात मंडळाने डग हॅमलिन यांना कार्यकारी उपाध्यक्ष निवडले. २०२५ मध्ये सुधारणावाद्यांचे बिल बाखेनबर्ग अध्यक्ष झाले. जुने कारभारी गेले, त्यांना साथ देणारे पुष्कळसे संचालकही गेले. आणि हे घडले त्याचे श्रेय न्यायालयाइतकेच, टपालाने आलेली मतपत्रिका भरून परत पाठविणाऱ्या त्या थोड्या सभासदांनाही आहे.

पण हॅमलिन यांची निवडही मंडळानेच केली. १९७७ मध्ये सभासदांनी रात्रभर जागून मिळविलेला, आपला मुख्य कारभारी आपणच निवडण्याचा हक्क त्यांना अद्याप परत मिळालेला नाही. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने पाच टक्क्यांची अट मोठ्या संस्थांपुरती तरी शिथिल करावी. आणि नव्या मंडळाला आपण खरोखर नवे आहोत असे सिद्ध करावयाचे असेल, तर त्याने तो हक्क पुढच्याच वार्षिक सभेत सभासदांच्या स्वाधीन करावा.